उडणाऱ्या पाण्याचा हिशेब

आमच्या भाऊजींना कुठलंही भांडं दाखवा, ते आधी त्याचं तोंड बघायचे. बाकीची माणसं बूड ठोकून बघतात, पत्रा किती जाड आहे ते बघतात, कान धरून उचलून बघतात, भाऊजी तोंडावर आडवी वीत ठेवायचे आणि म्हणायचे, "भल्लं मोठं तोंड आहे गा याचं. यातलं पाणी टिकत नाई." माझ्या लग्नात रुखवतात मांडलेल्या गंजावर, म्हणजे मोठ्या उभ्या पातेल्यावर, त्यांनी अशीच वीत लावली होती. माझ्या सासूबाईंना वाटलं, वरपक्ष भांड्यांत खोट काढतोय. त्या हिरमुसल्या, सासरे लाल झाले, आणि मला भर पंगतीतून उठून सांगावं लागलं की हे आमचे भाऊजी, यांना खोट काढायची नाही, यांना फक्त ह्यातलं पाणी किती उडेल ते बघायचंय. ते ऐकून सासरे आणखीच घाबरले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरात जन्मले. घरातले माग एकेक करून बंद पडत गेले तेव्हा शिकून खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या पाण्याच्या विभागात राहिले. बॉयलरला पाणी किती लागतं, वाफ होऊन किती जातं, परत किती येतं, हेच त्यांनी आयुष्यभर बघितलं. ताई त्यांना मापारी म्हणायची. बाजारात धान्याचं माप घालणारा असतो ना, तो मापारी. "मापारी आले, आता चहा कपानं नाई, डोळ्यानं मोजतीन," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि ते ऐकून घ्यायचे.

त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. ताई त्यांच्या आधी गेली. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वर्षांनी मला इतकं थकवलं की बरेच दिवस दोघांबद्दल बोलायचीसुद्धा इच्छा होत नव्हती. नागपुरातल्या नागपुरात, मानेवाड्याच्या त्यांच्या घरून धंतोली, धंतोलीहून मानेवाडा. दवाखान्यांच्या त्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत उन्हात घिरट्या घालायच्या. खालच्या मेडिकलच्या रांगेत उभं राहायचं. आजही आठवण काढली की आधी तो थकवा येतो आणि माणसं त्याच्या मागून येतात.

निवृत्तीनंतर लोक गच्चीवर कुंड्या मांडतात, भजनी मंडळात जातात, सोसायटीचे सेक्रेटरी होऊन शेजाऱ्यांना छळतात. भाऊजींनी घरी बीअर करायला घेतली. माझ्या भाच्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, पुण्याहून येताना गंमत म्हणून एक परदेशी पुस्तक आणलं होतं, तिथून हे सुरू झालं. स्वतः भाऊजी अर्ध्या ग्लासाच्या पुढे जाणारे नव्हते. "मी चव नाई पाहून राहिलो," ते म्हणायचे, "पुस्तकात वीस लिटर लिहिली आहे, तं वीस लिटर निघते का, ते पाहून राहिलो." हे कायद्यात बसतं का, असं मी एकदा विचारलं. "इकत नाई, गावभर सांगत नाई," ते म्हणाले. "तूच काहून बोंबलून राहिला?"

पहिली खेप दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर केली. मोड आणून वाळवलेला जव कुरिअरनं मागवला, भरडला, गरम पाण्यात भिजवून ठेवला, गाळला, आणि तो गोड रस हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर मागच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर उकळला. पाणी पुस्तकात लिहिलं होतं तेवढंच घातलं, थेंब इकडेतिकडे नाही. शेवटी वीस लिटरऐवजी जेमतेम अर्ध्यावर आलं, आणि तेही काकवीसारखं चिकट. भाऊजी गंजाशेजारी पाटावर बसून राहिले. ताई दारात उभी राहून म्हणाली, "बाप्पा, मापाऱ्याच्याच मापात पाप निघालं!"

दुसऱ्या खेपेला दुसरी कृती घेतली तर तिच्यात लिटरच नव्हते, गॅलन होते. भाऊजींनी इंग्लंडचा गॅलन धरला आणि कृती निघाली अमेरिकेची. इंग्लंडचा गॅलन मोठा असतो हे त्यांना नंतर कळलं. ती बीअर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी लागत होती. मी आपलं सुचवायला गेलो की जास्त झालं तर एवढं काय, पहिल्यांदा कमी पडलं होतं तेव्हाही वरून पाणी घालून भागलं असतं. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता बहिणीकडे येणं बंद होतंय. "पाहुणे आले का वरणात पाणी टाकते, तसं म्हणतो का साळेबुवा? त्याले बीअर नाई म्हणत. त्याले घरची लाज राखणं म्हणते."

मग एका सकाळी त्यांनी गंजात नुसतं पाणी उकळत ठेवलं. जव नाही, फुलं नाहीत, काही नाही. तासाभरात त्यातलं किती उडतं एवढंच त्यांना बघायचं होतं. ताई कपाळाला हात लावून बसली. "सिलिंडर जाळून राहिले, आन् शिजून काय राहिलं? तं पाणी!" भाऊजींचं लक्ष नव्हतं. त्यांना त्या दिवशी काहीतरी सापडलं होतं. दुपारी मी गेलो तेव्हा त्यांनी मला उभ्या उभ्याच सांगितलं की पाणी तीन ठिकाणी जातं. एक पिणारं, एक उडणारं, एक बसणारं. पिणारं म्हणजे भिजलेल्या जवानं शोषलेलं. "जव पाणी पेते, वापस देत नाई. जवायासारखा." हे ते आमच्या घरचे जावई असून म्हणत होते. बसणारं म्हणजे तळाशी गाळात अडकून राहिलेलं. आणि उडणारं म्हणजे वाफ. "पिणारं आन् बसणारं पुस्तकातलं चालते. उडणारं चालत नाई. पुस्तक लिवणाऱ्याच्या गावात धुकं पडते गा! त्याले मानेवाड्याची हवा काय मालूम? त्याचं पाणी थंड देशाचं आहे. आपल्याकडं उडणारं जास्त धरा लागते."

हे वाक्य मी नंतर कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. त्या वेळी मला ते फार पटलं होतं. अजूनही ते बीअरपुरतं खरंच आहे.

मोजायला त्यांच्याकडे बांबूची एक कामटी होती. वडिलांच्या मागाचं सामान मोडीत निघालं त्यातून त्यांनी ती उचलून आणली होती. गंजात एकेक लिटर पाणी ओतत जायचं आणि पाणी जिथवर चढेल तिथे कामटीवर चाकूनं खाच पाडायची, असं करून त्यांनी तिच्यावर पूर्ण गंज उतरवला होता. कामटी बुडवली की पाणी किती आहे ते कळायचं. उमरेडला त्यांची आई सुताला लावायची खळ शिजवायची तेव्हा अशीच काडी बुडवून बघायची, असं ते सांगायचे. "मायच्या खळीत कधी गाठ नाई पडली. ती म्हणे, पीठ आधी आपली तहान भागवते, मंग तुमचं काम करते." ती कामटी आता माझ्याकडे आहे. दाराच्या मागे उभी असते आणि आमची ही तिनं उंचावरचे पडदे सरकवते.

त्यानंतर मात्र त्यांची बीअर बरोबर निघायला लागली, लिटरला लिटर. कृती कुठलीही असो, ते शेवटून सुरुवात करायचे. बाटल्यांत किती पाहिजे ते आधी ठरवायचं, मग त्यात बसणारं मिळवायचं, मग उडणारं, मग पिणारं, आणि जो आकडा येईल तेवढं पाणी सकाळी शेगडीवर चढवायचं. "आखरीले हातात काय पाहिजे ते पहिले ठरव, मंग मागं मागं चालत ये," हे त्यांचं तत्त्व. माझ्या मुलीच्या लग्नात मठ्ठा किती करायचा यावर घरात वाद चालला होता. आम्ही सगळे पाहुणे मोजत होतो. भाऊजींनी विचारलं, "आखरी पंगत कोणाची?" घरच्या बायांची, वाढून वाढून दमलेल्यांची. "तिथून सुरू करा. त्याईले दोन दोन गिलास भेटले पाहिजे. बाकीचं मागं जोडत या." त्या लग्नात माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कार्यात पोटभर मठ्ठा प्यायली. ती अजून सांगते.

आणि मग ताईच्या पायांवर सूज दिसायला लागली. मूत्रपिंडं कामातून गेली होती. धंतोलीत डायलिसिस सुरू झालं, दिवसाआड. डॉक्टर तरुण होता, शांतपणे समजावणारा. त्यानं सांगितलं की शरीरातून पाणी बाहेर पडायची वाट आता बंद झाली आहे, तेव्हा दिवसभरात एक लिटर, त्यावर नाही. आणि त्यात चहा, वरण, ताक, टरबूज, सगळं आलं. नागपुरात, उन्हाळ्याच्या तोंडावर, एक लिटर. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. भाऊजी हसले नाहीत. ते घरी आले, गंज धुऊन माळ्यावर टाकला, पुस्तक भाच्याच्या कपाटात ठेवलं, आणि कामटी तेवढी स्वयंपाकघरात आणून तिच्यावर दुसऱ्या बाजूनं बारीक खाचा पाडायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला विचारलं, "दिवसभरात तुले काय पाहिजे वं? एकच सांग."

ताई म्हणाली, "दुपारी माठातलं गार पाणी. काठोकाठ गिलास. चमच्या चमच्यानं नाई, गटगट."

झालं. त्यांनी शेवटून सुरुवात केली. तो ग्लास आधी बाजूला काढला आणि उरलेल्या पाण्यात दिवस बसवला. सकाळचा चहा अर्धा कप झाला, वरण इतकं घट्ट झालं की वाटीतून पालथं केलं तरी पडणार नाही, गोळ्या एका घोटात सगळ्या एकदम. पण ऊन उतरणीला लागलं की ताईच्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास यायचा आणि ती तो डोळे मिटून एका दमात प्यायची. त्या घरातला तो सण होता. मी कित्येकदा मुद्दाम त्या वेळेला जायचो. भाऊजी बाजूला उभे राहून तिच्या गळ्याकडे बघत असायचे. स्वतः ते तिच्यासमोर कधी पाणी पीत नसत. तहान लागली की मागच्या अंगणात जायचे, तिथे दुसरा माठ ठेवला होता. मला पाणी पाहिजे असेल तर मलाही खुणेनं मागे न्यायचे. दोन माणसं भर उन्हात चोरासारखी उभी राहून पाणी पितायत, असं ते दृश्य असायचं.

दुसऱ्या वर्षी मे महिना फार वाईट गेला. ताईचे ओठ फुटले. ती काही मागायची नाही, पण माठाला हात टेकवून बसायची, गार लागतो म्हणून. भाऊजींनी ते किती दिवस बघितलं कुणास ठाऊक. एक दिवस मला म्हणाले, "साळेबुवा, डॉक्टरचा लिटर कुठला आहे? पुस्तकातलाच ना? मंग थो थंड देशाचा लिटर आहे. इथं माणसाचं अंगातून उडते. उडणारं धरलंच नाई त्यानं." मी दमलेला होतो, उन्हातून आलो होतो, आणि खरं सांगतो, मला ते बोलणं तेव्हा बरोबरच वाटलं. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. भाऊजींनी हिशेब मांडला आणि उडणाऱ्या पाण्यापोटी ताईला रोज आणखी एक ग्लास चालू केला, सकाळी.

ताईचं तोंड उजळलं. आठवडाभर घरात बरं वाटत होतं. मग एका रविवारी सकाळी तिला श्वास घेता येईना. झोपलं की गुदमरायची, बसलं की धाप लागायची. आम्ही तिला गाडीत बसवून नेलं, भाऊजी मागे तिला छातीशी धरून बसले होते. पाणी फुप्फुसांत चढलं होतं. तातडीनं डायलिसिस झालं आणि ती त्या दिवसापुरती वाचली.

डॉक्टर भाऊजींवर ओरडला नाही. खुर्ची दिली, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमचा विचार चूक नव्हता. उन्हात काम करणारा असता तर त्याला मी थोडं वाढवून दिलं असतं. पण काकू दिवसभर कुठे असतात?"

"कूलरसमोर," भाऊजी म्हणाले.

खिडकीला वाळ्याचा कूलर, दारं लावलेली, खोलीत इतकी ओल की पापड सादळायचे. तिथे ताईचं काही उडतच नव्हतं. ऊन बाहेर होतं, आम्ही त्यातून ये-जा करत होतो, आणि हिशेब आमच्या घामाचा धरला गेला होता. ज्या माणसानं जन्मभर भांड्याचं तोंड बघितलं, त्यानं ह्या वेळी झाकण बघितलं नाही. भाऊजी त्या खुर्चीत बसले ते उठेनात. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जे मी आधी कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी कामटी माझ्या हातात दिली. "तू घेऊन जा. मी नाई मोजत आता." ताई पलंगावरून ऐकत होती. तिचा आवाज बसला होता तरी म्हणाली, "काहून? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मापाऱ्यानं जास्त माप घातलं, तेही माह्या पदरात. मले तं मजा आली बाप्पा." भाऊजी रडले. मीही भिंतीकडे तोंड केलं. "मोजाल तं तुम्हीच," ती म्हणाली. "याच्या हातचं पाणी मी पेत नाई." मग त्यांनी वजनकाटा आणला, अंगात पाणी साठलं की वजन वाढतं म्हणून. रोज सकाळी तिला काट्यावर उभं करायचे, आणि दिवसाचं पाणी काट्याला विचारून ठरायचं. दुपारचा ग्लास मात्र त्यांनी बंद होऊ दिला नाही.

असं आणखी एक वर्ष निघालं. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही सगळे नुसते दमत गेलो. ताईच्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली, मग मानेतून नळी घातली, मग रक्तदाब इतका उतरायला लागला की मशीन अर्ध्यातच थांबवावं लागायचं. शेवटी डॉक्टरनं आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. म्हणाला, शरीर आता हे सोसत नाही, घरी घेऊन जा, त्रास होऊ नये म्हणून औषधं देतो. आणि मग म्हणाला, "पाण्याचं बंधन आता ठेवू नका. मागतील तेवढं द्या."

मला क्षणभर हायसं वाटलं. माणूस किती वेडा असतो बघा. भाऊजी जिना उतरताना कठड्याला धरून थांबले.

"पाणी मोकळं केलं गा त्याईनं," ते म्हणाले.

घरी आणलं तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. ताईला उशांना टेकवून बसवलं. भाऊजींनी माठातून ग्लास भरला, काठोकाठ, आणि कामटीकडे बघितलंही नाही. एका हातानं तिचं डोकं धरून दुसऱ्या हातानं ग्लास तोंडाला लावला. "घे वं. पाह्यजे तितकं घे. आता मोजायचं नाई."

ती दोन घोट प्यायली. तिसरा ओठांवरून खाली आला. "नाई जात," ती म्हणाली.

भाऊजी ग्लास हातात धरून उभे राहिले. एवढी वर्षं थेंब थेंब वाचवून जो ग्लास त्यांनी तिच्यासाठी काढला, तो जवळजवळ भरलेला तसाच त्यांच्या हातात होता, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"बाकीचं तुम्ही प्या," ताई म्हणाली.

ते सवयीनं मागच्या दाराकडे वळले.

"तिकडं नोका जाऊ. इथीच प्या, माह्यासमोर. इतके साल मागं जाऊन पेऊन राहिले. माठात ओगराळं बुडते त्याचा आवाज मले येत नाई का?"

भाऊजी पलंगाच्या काठावर बसले. घोट घोट घ्यायला लागले. ताई म्हणाली, "तसं नाई. गटगट." मग त्यांनी मान वर केली आणि प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. ताई त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

"गार आहे ना?"

"हाव."

"मंग अजून एक घ्या," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी माठाकडे गेलो, ग्लास काठोकाठ भरून आणला, आणि भाऊजी तोही तिच्यासमोर प्यायले.